चार माणसांच्या वजनात एक घर

विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे स्कॉटिश गृहस्थ पेशाने ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. नौदल सोडल्यावर मुलांसाठी साहसकथा लिहून त्यांनी नाव कमावलं आणि 1885 मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी घोडागाडी बांधून घेतली. गाडीचं नाव ‘वाँडरर’. सामान भरल्यावर तिचं वजन दोन टनांच्या घरात जाई आणि ती ओढायला दोन घोडे लागत. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या ट्वायफर्ड गावातून निघून ते पार उत्तरेला इन्व्हरनेसपर्यंत गेले. पोटासाठी नाही, निव्वळ हौसेपायी चाकांवरच्या घरात राहणारा पहिला माणूस म्हणून कॅराव्हानच्या इतिहासात त्यांचं नाव घेतात. मात्र त्यांच्या हौसेला भरपूर मनुष्यबळ लागे. गाडीवान वेगळा, दिमतीला एक नोकर वेगळा, शिवाय कुत्रा आणि पोपट. अरुंद रस्त्यांवर समोरून येणाऱ्यांना सावध करायला हा नोकर तीनचाकी सायकल दामटत गाडीच्या पुढे जायचा.

एकटा माणूस किंवा एकटी बाई गाडीत घर करायला निघते, तेव्हा गाडी हाकणं, रांधणं, राखण करणं, हमाली करणं ही सगळी कामं एकाच अंगावर पडतात. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायलाही कुणी नसतं. म्हणून एकट्याची कॅम्पर व्हॅन म्हणजे कुटुंबाच्या कॅम्परची लहान आवृत्ती नव्हे. तिचा आराखडाच निराळा होतो. माझ्या मते तो सोपाही होतो, पण त्यासाठी परदेशी व्हिडिओंतली लाकडी छतं आणि टाइल लावलेली स्वयंपाकघरं आधी डोक्यातून काढावी लागतात.

व्हिडिओंपेक्षा जुना इतिहास जास्त उपयोगी पडेल. फोक्सवॅगनचे डच आयातदार बेन पॉन यांनी एप्रिल 1947 मध्ये वहीत एका डबागाडीचं रेखाटन केलं. त्यातून निघालेल्या व्हॅनचं उत्पादन मार्च 1950 मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी व्हीडनब्रुक गावच्या वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ बनवायला घेतला. जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या मागणीवरून हे सुरू झालं असं सांगतात. आज ज्या गाड्यांकडे बघून लोक हळहळतात, त्यांची सुरुवात अशी एका सुट्या पेटीने झाली. झोपायची बैठक, कपाट आणि स्टोव्हची जागा, सगळं आत ठेवता येई आणि काढताही येई. आठवडाभर गाडीने माल वाहायचा आणि शनिवारी पेटी आत सरकवून फिरायला निघायचं, असा तो हिशेब होता. युद्धानंतरच्या जर्मनीत दोन गाड्या कुणाला परवडणार होत्या?

ही सुटी पेटी आज महाराष्ट्रातल्या एकट्या प्रवाशाला दोन कारणांनी सोयीची आहे. पहिलं कारण कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रीतसर कॅराव्हानसाठी एआयएस-124 नावाचं स्वतंत्र मानक आहे. बसच्या सांगाड्यावर कॅराव्हान बांधणारे कारखानदार त्याप्रमाणे पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी करून घेतात. गल्लीतल्या सुताराला हाताशी धरून स्वतःची व्हॅन सजवणाऱ्याला तो मार्ग परवडत नाही. छताला भोक पाडून पंखा बसवणं, पत्रा कापून खिडकी काढणं, आसनं उखडून तिथे ओटा ठोकणं, हे सगळं त्यामुळे बाद. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच बदल दाखवून दावा नाकारू शकते. पेटी मात्र सामान असते. जमिनीवर ठेवलेली, पट्ट्यांनी बांधलेली, उद्या उतरवता येणारी. मागचं बाक काढूनच पेटी बसणार असेल, तर आधी आरटीओत जाऊन विचारून घ्यावं. आरसीवर आसनसंख्या छापलेली असते आणि नाक्यावरचा हवालदार तीच मोजतो.

दुसरं कारण वजन. आपल्याकडे या कामासाठी लोक सहसा मारुतीची व्हॅन घेतात. 1984 मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, 2019 मध्ये बंद झाली. 796 सीसीच्या त्या डब्याने शाळेची मुलं नेली, अँब्युलन्स म्हणून सेवा केली आणि हिंदी सिनेमात असंख्य अपहरणं केली. 2010 मध्ये आलेली ईको अजून मिळते. लांबी 3,675 मिलिमीटर, रुंदी 1,475. इंजिन पुढच्या आसनांखाली, सरकते दरवाजे दोन्ही बाजूंना, मागचं दार वर उघडणारं. वर उघडणारं हे दार फार मोलाचं. पावसात त्याच्याखाली उभं राहून चहा करता येतो.

पाच आसनांची गाडी पाच माणसं आणि त्यांचं थोडं सामान वाहून नेण्यासाठी बनवलेली असते. स्प्रिंगा, ब्रेक, टायर सगळं त्या हिशेबाने. तुम्ही एकटे निघालात की चार माणसांचं वजन शिल्लक राहतं. माणशी 65 ते 70 किलो धरले तर साधारण 270 किलो. घराचं भांडवल एवढंच. घर, पाणी, बॅटरी, कपडे, भांडी, गॅस सगळं त्यात बसवायचं. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण प्लायचा हिशेब करून बघा. आठ बाय चार फुटांचा 18 मिलिमीटरचा एक तक्ता 35 किलोच्या आसपास भरतो. घरच्या वॉर्डरोबची सवय असलेला सुतार 18 च्या खाली उतरायला राजी नसतो. ‘साहेब, हलकं काम टिकत नाही’ हे त्याचं वाक्य ठरलेलं. त्याच्या मनासारखे पाच तक्ते वापरले आणि वर मायका चढवला की दोन माणसांहून जास्त वजन लाकडातच संपतं. 12 मिलिमीटरचा तक्ता 23 किलोच्या आसपास. उभ्या बाजूंना 12, खणांच्या तळाला 6 आणि चौकटीला ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, एवढ्यात पेटी मजबूत होते. मजबुती तक्त्याच्या जाडीपेक्षा कोपऱ्यातल्या जोडांतून येते. नुसते खिळे रस्त्याच्या हादऱ्यांनी महिन्याभरात सैल होतात. गोंद, स्क्रू आणि कोपऱ्यात आतून एल पट्टी लागतेच.

एकट्यासाठी आणखी एक अट घालावी लागते. पेटीचा कुठलाही भाग 15 किलोहून जड नको. गाडीत चढवताना आणि उतरवताना दुसरं टोक धरायला कुणी नाही. एका मोठ्या पेटीऐवजी तीन लहान पेट्या शेजारी ठेवून त्यांच्यावर झाकणफळ्या टाकल्या की पलंग तयार होतो. सामान झाकणाखाली जातं. सगळं भरून झाल्यावर गाडी एकदा वजनकाट्यावर चढवावी. साखर कारखान्याजवळ किंवा मार्केट यार्डाबाहेर काटा मिळतोच. ट्रकसाठी असल्यामुळे तो दहा-वीस किलो इकडेतिकडे दाखवील, पण अंदाज येतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या कमाल वजनाशी तो ताडून बघायचा.

आणि पट्टे. ट्रकवाले माल बांधायला वापरतात तो रॅचेट पट्टा, तोही सीटबेल्टच्या मूळ बोल्टांना किंवा गाडीच्या लोखंडी आकड्यांना अडकवलेला. समोरासमोर धडक बसते तेव्हा वस्तूवर तिच्या वजनाच्या वीस-वीस पट जोर येऊ शकतो. वीस लिटरचा पाण्याचा जार तेव्हा 400 किलोच्या जोराने चालकाच्या पाठीकडे निघतो. व्हिडिओत छान दिसणाऱ्या काचेच्या बरण्या आणि उघडी फडताळं मला यासाठीच खटकतात.

आता झोपायचं कसं? समजा पुढच्या आसनांमागे 170 सेंटिमीटर लांब आणि 130 रुंद जागा मिळाली. तुमची उंची 175. सरळ झोपलात तर पाय दुमडावे लागणार. शाळेतलं भूमितीचं पुस्तक सांगतं की या आयताचा कर्ण 214 सेंटिमीटर आहे. हे ऐकून कुणी कर्णावर 50 सेंटिमीटर रुंदीची फळी टाकायला गेला तर फसतो. फळीला कोपरे असतात आणि ते कोपरे भिंतींना अडतात. हिशेब केला तर अशी फळी 170 च्या वर जातच नाही, म्हणजे फायदा शून्य. माणूस मात्र फळीसारखा चौकोनी नसतो. डोक्याकडे आणि पावलांकडे तो निमुळता असतो. पूर्ण रुंदीची गादी टाकून तिच्यावर तिरपं झोपलं तर टोकाची रुंदी 25 सेंटिमीटर धरून 185-190 उंचीचा माणूस मावतो. जोडप्याला ही सोय नाही, दोघं एकाच वेळी कर्णावर झोपू शकत नाहीत. पूर्ण रुंदीचा पलंग केला की चालायला पट्टी उरत नाही हे खरं. पण एवढ्या लहान व्हॅनमध्ये उभं राहून चालायचं तरी कुठे? ज्यांची उंची 160 च्या आत आहे त्यांनी खुशाल एका बाजूला 65 सेंटिमीटरचा पलंग करावा आणि उरलेल्या पट्टीत स्वयंपाकाची पेटी, पाणी आणि बसायची जागा काढावी. पलंगाची उंची ठरवण्याआधी त्यावर बसून बघायचं. डोकं छताला लागलं तर पावसाळी दिवस आत काढणं अशक्य होतं.

युरोप-अमेरिकेतली कॅम्परची पुस्तकं थंडीशी लढायला शिकवतात. आपला झगडा मुख्यतः उन्हाशी आणि दमटपणाशी, त्यामुळे त्यांची कृती जशीच्या तशी उचलून चालत नाही. पत्र्याचं छत दिवसभर तापतं आणि ती उष्णता आत फेकत राहतं. चमकदार फॉइल लावलेला फोम हा सोपा उपाय. पण फॉइल काम करतं ते समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच. दोन्ही बाजूंनी पत्रा आणि प्लाय यांच्यात घट्ट दाबून बसवलं तर चकाकीचा उपयोग संपतो, उरतो तो फक्त फोमचा. बोटभर पोकळी ठेवली की फरक पडतो. थर्माकोल स्वस्त आहे, पण तो पटकन पेट घेतो आणि हादऱ्याने चुरा होऊन गाडीभर पांढरे दाणे उडतात. खिडक्यांसाठी पुठ्ठ्यावर फॉइल चिकटवून मापात कापलेले तुकडे करावेत. गाडी उभी असताना लावायचे, निघताना काढायचे. काचांवर काळी फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्येच बंदी घातली आहे. ईकोचं इंजिन आसनाखाली असल्यामुळे दिवसभर गाडी चालवून लगेच आडवं झालं तर खालूनही ऊब येत राहते. जेवण, चहा, हातपाय धुणं हे सगळं तेवढ्या वेळात बाहेर उरकून घ्यावं.

थंडावा हवाच असेल तर सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे घाट. दर हजार मीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलं की सहाशे मीटरच्या आसपास चढ होतो, म्हणजे चारेक अंश कमी. मे महिन्यात झोप लागणं आणि न लागणं यातलं हे अंतर आहे. विदर्भात 43 अंशांच्या कोरड्या उन्हात ओल्या पडद्यावरून आलेली हवा दहा-पंधरा अंशांनी गार होऊ शकते, पण रत्नागिरीच्या दमट हवेत तोच पडदा तीन-चार अंशांपलीकडे जात नाही, उलट गादी ओलसर करतो. कोकणात वाहती हवा हाच उपाय, आणि त्यासाठी मच्छरदाणी. मागचं दार उघडून त्या पूर्ण चौकटीला चुंबकपट्टीने बसणारी जाळी शिवून घ्यावी. कुठलाही ताडपत्रीवाला किंवा बॅगा शिवणारा कारागीर ती करून देतो. अनोळखी जागी मागचं दार उघडं ठेवून झोपायची हिंमत प्रत्येकाची नसते. अशांनी सरकत्या खिडकीच्या मापाच्या चौकटीत जाळी आणि तिच्यात संगणकाचे दोन लहान पंखे बसवावेत. एका बाजूचा पंखा हवा बाहेर फेकेल असा, दुसऱ्या बाजूची खिडकी बोटभर उघडी.

बोटभर उघडी ठेवायची ती हौसेने नाही. लहान व्हॅनच्या पोटात चार घनमीटर म्हणजे 4,000 लिटरच्या आसपास हवा असते. झोपलेला माणूस तासाला 12-13 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सगळं हवाबंद असेल तर सात तासांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाईल. बाहेरच्या हवेत ते 0.04 टक्के असतं. कुठलीच गाडी इतकी हवाबंद नसते म्हणून माणसं सकाळी उठतात, पण डोकं जड होऊन उठतात. श्वासातून आणि घामातून रात्रभरात पेलाभर पाणीही हवेत जातं. महाबळेश्वरच्या डिसेंबरात ते काचांवर थेंब होऊन बसतं आणि फोमच्या मागे शिरलं की बुरशी धरते.

कार्बन मोनॉक्साइडचं प्रकरण मात्र गंभीर आहे. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो झोपेतच माणसाला संपवतो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं किंवा थंडीत शेगडीचे निखारे आत घेणं, या दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो उशीजवळ ठेवावा. दुसरा धोका गॅसचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, गाडीच्या तळाशी, नेमका पलंगाच्या उंचीवर साचतो. युरोपात कॅराव्हानच्या गॅसखणाला तळाशी भोक ठेवतात ते त्यासाठी. आपण पत्र्याला भोक पाडू शकत नाही, म्हणून स्वयंपाक मागचं दार उघडून, शेगडी गाडीच्या कडेला किंवा बाहेर ठेवूनच करावा. रस्त्यावर भरून मिळणारे बेकायदा छोटे सिलिंडर घेऊ नयेत. तेल कंपन्यांचा पाच किलोचा अधिकृत सिलिंडर मिळतो, एकट्याला तो कितीतरी दिवस पुरतो. एक किलो एलपीजी जळाला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते, हे आत स्वयंपाक टाळायचं आणखी एक कारण. गोव्यात मात्र जपून. तिथे 2019 पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. ‘आम्ही घरूनच आलोय’ हे तिथे चालत नाही.

विजेच्या बाबतीत लोक आधी बॅटरी विकत घेतात आणि मग ती कशासाठी घेतली याचा विचार करतात. उलट करावं. 20 वॅटचा पंखा नऊ तास चालला तर 180 वॅट-तास. एक एलईडी दिवा 20, मोबाइल 20, लॅपटॉप 60. बेरीज 280. आता 12.8 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या, तिच्यात 1,280 वॅट-तास मावतात. म्हणजे जेमतेम 12-13 किलोची पेटी एका माणसाला चार दिवस पुरते. घरच्या इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास किलोहून जड आणि ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. पैसे कमी लागतात, पण वजन आपल्या 270 मधून जातं.

फ्रिज आणला की हा हिशेब फिरतो. लहान कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला 400-500 वॅट-तास खातो, म्हणजे एकट्या माणसापेक्षा जास्त. एकट्याला फ्रिजची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात दहा-पंधरा किलोमीटरवर दूध, भाजी, अंडी मिळणारं गाव लागतंच आणि खरेदीच्या निमित्ताने कुणाशी तरी चार शब्द बोलणं होतं. एकट्या प्रवासात त्याची किंमत बर्फाहून जास्त असते. एसीचं तर बोलायलाच नको. 800 वॅटचा एसी आठ तास चालवायचा तर अशा पाच बॅटऱ्या लागतील.

12 व्होल्टच्या तारेबद्दल इलेक्ट्रिशियनही फसतात, कारण त्यांचा हात 230 वर बसलेला असतो. 240 वॅटचं यंत्र घरात साधारण एक अँपिअर ओढतं, इथे वीस. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत चारशे पट. घरच्या दिव्याची तार इथे लावली तर ती पेटू शकते. जाड तार, आखूड अंतर आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज, एवढ्यावर तडजोड नको. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं. बॅटरी, फ्यूज आणि जोडण्या एकाच हवेशीर पेटीत ठेवून ती पेटी घरीच चार्ज करून निघावं. शनिवार-रविवारसाठी गाडीच्या वायरिंगला हात लावायची गरजच पडत नाही. लांब जायचं असेल तर घडीचं 100 वॅटचं सोलर पॅनल उन्हात पसरलं की हिवाळ्यात दिवसाला 350 च्या आसपास वॅट-तास मिळतात. पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये. गाडी चालताना चार्ज करायचं असेल तर डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. 20 अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात निम्म्याहून जास्त बॅटरी भरतो.

पाण्याचं सोपं. वीस लिटरचे दोन जार, एक पिण्याचा, एक वापराचा. एकट्याला दोन दिवस आरामात पुरतात. नळाऐवजी जारच्या तोंडावर बसणारा चार्जिंगचा पंप. कपडे धुण्यासाठी अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यांची युक्ती अजून चालते. 1960 मध्ये ते ट्रकवर खोली बांधून कुत्र्यासोबत अमेरिका बघायला निघाले, तेव्हा झाकणाची मोठी बादली त्यांनी लवचीक दोरीने आत टांगली होती. सकाळी तिच्यात कपडे, पाणी आणि साबण टाकायचा. दिवसभर रस्त्याच्या गचक्यांनी कपडे धुतले जायचे. आपल्या रस्त्यांवर ते आणखी स्वच्छ निघतील यात शंका नाही.

संडासाबद्दल पुरुष फारसे बोलत नाहीत. पेट्रोल पंप, ढाबे, मंदिराचे भक्तनिवास यांवर त्यांचं भागतं. एकट्या बाईसाठी रात्री दोन वाजता गाडीबाहेर पडणं हा सोयीचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न असतो. घट्ट झाकणाची बादली, आत जाड पिशवी आणि वरून टाकायला कोकोपीट. वास येत नाही. ही बादली पलंगाखालच्या पेटीत अशी ठेवावी की झाकणफळी उचलली की हाताला लागेल. आराखडा करतानाच तिची जागा ठरवली नाही तर ती नंतर कुठेच बसत नाही.

याच्याशीच जोडलेला मुद्दा पलंगापासून स्टिअरिंगपर्यंतच्या वाटेचा. कॅम्पर बनवणाऱ्या पुष्कळांच्या तो लक्षातही येत नाही. रात्री कुणी काच ठोठावली, किंवा नुसतं बरं वाटलं नाही, तर दार न उघडता आतल्या आत पुढच्या आसनावर येता आलं पाहिजे आणि गाडी सुरू करून निघता आलं पाहिजे. ईकोमध्ये दोन आसनांमधली फट अरुंद आहे. त्या फटीसमोर पेटी ठेवली की ही वाट बंद होते. म्हणून स्वयंपाकाची पेटी मागच्या दाराशी आणि झोपताना डोकं पुढच्या आसनांकडे. किल्ली रोज एकाच जागी. गाडी उभी करताना तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, रिव्हर्स आधीच घेऊन ठेवलेला. चटई, खुर्ची, चपला असं काहीही बाहेर ठेवून झोपायचं नाही, नाहीतर निघायच्या वेळी माणूस चपलेसाठी थांबतो.

उरला प्रश्न गाडी लावायची कुठे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, पण सुटी पेटी ठेवलेली तुमची व्हॅन कागदोपत्री साधी मोटारच राहते. त्यामुळे एखाद्या रिसॉर्टच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात पैसे देऊन जागा मागणं सरळ पडतं. बहुतेकजण आंघोळीला बाथरूमही देतात. अभयारण्याच्या हद्दीत, मग ते कोयना असो की राधानगरी, परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. समुद्राच्या वाळूवर गाडी नेऊ नये, भरतीचं पाणी चाकं गिळतं आणि ट्रॅक्टरवाला ओढायचे तोंडाला येतील तेवढे पैसे मागतो. गावात थांबायचं असेल तर अंधार पडण्याआधी पोहोचून पोलीस पाटलांना गाठावं. मुक्कामाला आलेल्या अनोळखी माणसाची खबर त्यांच्याकडे एरवीही जातेच, ती आपण दिलेली बरी. नाव, गाव, गाडीचा नंबर आणि सकाळी किती वाजता निघणार एवढं सांगायचं. ‘एकटेच?’ हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. त्यावर पुरुष बिनधास्त ‘हो’ म्हणतात. बायकांनी ‘मागून मंडळी येतायत’ असं सांगायला हरकत नाही.